मानेतली गॅप

आर्वी नाक्यावर मागून एका छोट्या हत्तीने आमच्या गाडीला ढुशी दिली, त्या संध्याकाळी मला काहीही झालं नव्हतं. हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कारण पुढच्या दीड महिन्यात ते माझ्या तोंडून पुन्हा निघालं नाही.

छोटा हत्ती म्हणजे ती लहानशी मालगाडी. तिच्यात कोबीची पोती होती. मेव्हणा गाडी चालवत होता, मी त्याच्या शेजारी. त्याने गतिरोधकाशी गाडी हळू केली, मागच्याने केली नाही. एवढाच अपघात. चालक पोरगेलासा होता. उतरून खिडकीशी आला आणि म्हणाला, "काही लागलं नाही ना जी काका?" मी मान डावीकडे-उजवीकडे हलवून "काही नाही रे बाबा" म्हटलं. मेव्हण्याने मागे जाऊन बंपर चाचपला, पोचा बघून हळहळला, फोटो काढले. बंपरला पंधरा मिनिटं मिळाली. मानेकडे कोणी पाहिलं नाही, मीसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे डोकं उशीवरून उठेना. शेवटी पाण्याचा माठ उचलावा तसं ते दोन्ही हातांनी धरून मी उठून बसलो. माणसाचं डोकं साधारण पाच किलोचं असतं. कंट्रोलच्या दुकानात माणशी पाच किलो धान्य मिळतं, तेवढंच. चाळीस वर्षं शाळेत शिकवताना हा ऐवज मी खांद्यावर वागवत होतो आणि एकदाही त्याचं वजन जाणवलं नव्हतं, यावरून काही विद्यार्थी वेगळा निष्कर्ष काढतील.

मागून धक्का बसला की सीट पाठीला पुढे लोटते. धड पुढे जातं आणि डोकं जागीच राहतं, कारण त्याला कोणी कळवलेलंच नसतं. या दोघांच्या ओढाताणीत मधली सात मणक्यांची मान क्षणभर नागमोडी होते, मग डोकं मागे फेकलं जातं, मग पुढे. पापणी लवायच्या आत हे सगळं उरकतं, स्नायूंना सावरायला सवडच मिळत नाही. दुखणं मात्र सवडीने येतं, पुष्कळदा एक रात्र जाऊ देऊन.

आपल्याकडे याला लचक म्हणतात. लचक भरते आणि लचक काढतात. उसण भरते आणि उतरते. चमक येते आणि जाते. आपल्या म्हाताऱ्या बायकांनी दुखण्याला क्रियापदं देतानाच परतीचं तिकीट काढून ठेवलं होतं. माझी आई असती तर तिने मिठाचा शेक दिला असता, लचक भरली म्हणाली असती, आणि जी भरली ती निघणारच, हे वेगळं सांगायची गरज पडली नसती.

पण मी सुशिक्षित. मी एक्स-रे काढला.

काचेवर लावलेल्या त्या काळ्या चित्रात बोटाने दाखवत मला सांगण्यात आलं, की मानेच्या मणक्यात थोडी गॅप दिसते. बोट कोणाचं हे महत्त्वाचं नाही. गॅप! घरी येईपर्यंत तिच्यामागचा 'थोडी' गळून पडला होता. गॅप काही लचकीसारखी निघत नाही. फटीसारखी ती असतेच, रोज वाढत असणार, एखाद्या दिवशी त्यातून डोकं खाली घरंगळेल, असं काहीसं मला रात्री वाटू लागलं. साठी ओलांडलेल्या कोणत्याही माणसाच्या मानेचा एक्स-रे काढा, झीज बहुधा दिसणारच. ती पांढऱ्या केसांसारखी असते, आणि धक्क्यानंतर मान किती दिवसांनी बरी होईल, याचा तिच्यावरून अंदाज बांधता येत नाही. हे मला महिन्याभराने समजलं. तोवर वर्ध्याच्या रामनगरातला प्रत्येक जण माझ्या गॅपची चौकशी करू लागला होता.

मग पट्टा आला.

मानेचा पट्टा ही काय चीज आहे, ते तो घातल्याशिवाय कळत नाही. पोटदुखी दिसत नाही, पाठदुखी दिसत नाही, पण पट्टेवाली मान चौकातून ओळखू येते. भाजीबाजारात लोक वाट देऊ लागले. एसटीत एका तरुणाने खिडकीची जागा दिली, जी मला हनुवटीखालच्या पट्ट्याचा वास घेत अर्धा तास भोगता आली. लग्नाला गेलो तर वरपक्षाच्या लोकांनी मला पहिल्या पंगतीला बसवलं. निवृत्त मास्तराला हे सुख कुठलं? घरातली कामंही आपोआप गळाली. सिलिंडर, पाण्याची मोटर, गच्चीवरची जाळी, सगळ्यांतून मी मोकळा. एकच अडचण होती. मला होकार-नकार देता येईना. बायको काही विचारी, मी आख्खा कमरेतून वळून तिच्याकडे बघे, आणि वळता वळता काय विचारलं ते विसरून जाई. संसारात याचा फारसा फरक पडला नाही.

पट्टा दोन-तीन दिवसांच्या सोयीपुरता होता. मी तो पाच आठवडे घातला. न वापरलेल्या स्नायूचं काय होतं हे शिकवायला मीच शाळेत असायचो, पण आपल्या मानेला आपला धडा कोण लावतो?

आणि मग लोक भेटायला येऊ लागले. वर्धेकरांना भेटायला जाण्याची मनापासून हौस आहे. गोरसपाकाच्या बिस्किटांचा पुडा घेऊन येतात, त्यातला अर्धा चहाबरोबर स्वतःच संपवतात, आणि हे अगदी योग्य आहे, कारण चांगली वस्तू माणसाने रोग्याच्या भरवशावर सोडू नये. पण गोरसपाकाबरोबर प्रत्येक जण एक साडभाऊही घेऊन यायचा.

"आमच्या साडभावाले असंच झालं होतं जी मास्तर. पहिले काहीच नाही. मंग हाताले मुंग्या याले लागल्या."

"मग?"

"मंग काय. आता तो डाव्या हातानं चहाचा कप बी उचलत नाही."

पाहुणा गेला की मी डावा हात उचलून बघायचो. उचलला जायचा. पण मुंग्या? होत्या की काय? नीट लक्ष दिलं तर होत्याच. लक्ष देणाऱ्याला मुंग्या कुठेही सापडतात.

दुसऱ्याच्या साडभावाचं ऑपरेशन झालेलं, तिसऱ्याच्या आतेभावाची नोकरी गेलेली. एकही साडभाऊ असा आला नाही, जो पंधरा दिवसांत बरा होऊन आपल्या कामाला लागला. असे साडभाऊ जगात बहुसंख्य असणार, पण त्यांची गोष्ट कोण सांगणार? तिला चहा थंड होईपर्यंत पुरण्याइतकी लांबी नसते.

मीही कमी नव्हतो. प्रत्येक पाहुण्याला अपघात पहिल्यापासून सांगायचा. पहिल्या आठवड्यात छोटा हत्ती छोटाच होता. दुसऱ्या आठवड्यात तो नुसता हत्ती झाला. तिसऱ्यात मी "मागून ट्रक यावा तसा" असं म्हणू लागलो आणि चौथ्यात 'तसा' राहून गेला. दर वेळी सांगताना खांदे कानाशी जायचे, मान आक्रसायची. म्हणजे आर्वी नाक्यावर मला एकदाच धडक बसली होती, दिवाणखान्यात ती रोज तीनदा बसत होती.

मोठ्या साळ्याची बायको पायाळू आहे. पायाकडून जन्मलेल्या माणसाचा पाय लागला की लचक निघते, हे आपल्याकडे कोणाला सांगायला नको. ती एका रविवारी पाय धुऊन आली. पण लाथ पाठीच्या लचकीसाठी असते, मानेला पाय लावायचा कसा, यावर घरात मतभेद झाले, आणि वहिनीने नणंदेच्या नवऱ्याच्या मानेला पाय लावावा का, हा त्याहून नाजूक प्रश्न पुढे आला. शेवटी तिने पायाचा अंगठा माझ्या खांद्याला टेकवला आणि घाईघाईने नमस्कार केला. त्या रात्री मला फार बरी झोप लागली. तिच्या पायाळूपणावर माझा विश्वास नाही. पण 'आता निघेल' असं म्हणणारी दीड महिन्यात ती एकटी होती.

वकीलसाहेब आले ते वेगळ्या कारणासाठी. आमचेच जुने विद्यार्थी. म्हणाले, "सर, मोटार अपघात प्राधिकरणात दावा टाकू. फक्त पट्टा काढू नका, आणि कोणी विचारलं तर बरं वाटतंय असं म्हणू नका." या दोन सूचनांवर मी बराच वेळ विचार करत बसलो. बरं वाटण्याची आता मला कायद्याने चोरी होती.

दावा आणि मान यांचं हे सूत फार जुनं आहे. पालकवाडीच्या जागी आपलं वर्धा शहर वसलं १८६६ साली. त्याच साली लंडनमध्ये जॉन एरिक एरिकसन नावाच्या शल्यविशारदाने रेल्वेच्या धडकांत होणाऱ्या दुखापतींवर पुस्तक काढलं. अंगावर ओरखडाही नाही, पण महिनोन्‌महिने पाठ-मान धरून बसलेले उतारू तेव्हा विलायतेतल्या कोर्टांत दावे लावत होते. त्या दुखण्याचं नाव 'रेल्वे स्पाइन' पडलं. मज्जारज्जूलाच हादरा बसतो, असं एरिकसनचं म्हणणं. पुढे १८८३ साली हर्बर्ट पेज नावाच्या दुसऱ्या शल्यविशारदाने लिहिलं, की हादरा पुष्कळदा भीतीचा असतो. हा पेज रेल्वे कंपनीचा डॉक्टर होता हेही लक्षात ठेवायला हवं. रोग्याचं दुखणं खोटं ठरवण्यात कोणाचे तरी पैसे वाचत असतील, तर तो शोध जपूनच वाचावा. पुढे रेल्वे जाऊन मोटार आली. १९२८ साली हॅरोल्ड क्रो या अमेरिकन अस्थितज्ज्ञाने एका सभेत 'व्हिपलॅश', म्हणजे चाबकाचा फटका, हा शब्द वापरला. त्याला मानेची हालचाल कशी होते एवढंच सांगायचं होतं. लोकांनी त्याचा रोग करून टाकला, आणि आपण हा शब्द वापरायला नको होता, असं त्याला नंतर वाटत राहिलं. मला त्याचं दुःख समजतं. लचक म्हटलं की माणूस शेक घेतो. चाबकाचा फटका म्हटलं की तो वळ मोजतो.

हे सगळं मला सांगितलं माझ्या भाचीने. सावंगी मेघेला फिजिओथेरपी शिकते. दिवाळीच्या सुट्टीनंतर परतताना भेटायला आली आणि आल्या आल्या म्हणाली, "मामा, हा पट्टा कधीपासून आहे?" तिच्या आवाजात माझाच जुना आवाज होता, गृहपाठ न केलेल्या मुलाला विचारायचा.

मग तिने बसून एक प्रश्न विचारला. "किती दिवसांत बरे होणार असं वाटते तुम्हाला?"

मी म्हटलं, "होळीपर्यंत तरी जाईल बहुतेक. पूर्ण असं काही आता व्हायचं नाही."

"हेच," ती म्हणाली, "हेच लिहून घ्यायला लावतात आम्हाला."

स्वीडनमध्ये माना दुखावलेल्या शेकडो लोकांना सुरुवातीलाच हा प्रश्न विचारला होता म्हणे. आपण बरे होऊ ही आशा ज्यांना अगदी कमी होती, त्यांचा त्रास सहा महिन्यांनीही टिकून राहण्याची शक्यता आशावाद्यांच्या साधारण चौपट निघाली. नॉर्वेत १९९८ साली छापून आलेल्या प्रयोगात काही रोग्यांना सुट्टी आणि पट्टा दिला, काहींना नेहमीसारखं वागायला सांगितलं. नेहमीसारखं वागणारे सरस ठरले. जर्मनीतला प्रयोग तर तिने इतका रंगवून सांगितला की माझी बायको पोळ्या सोडून ऐकायला आली. एक्कावन्न लोकांना गाडीत बसवून मागून धडक बसल्याचा देखावा केला. आवाज, हिसका, सगळं. प्रत्यक्षात मानेला धक्का असा बसलाच नव्हता. तरी तीन दिवसांत साधारण पाचांतला एक जण मान दुखते म्हणून सांगू लागला. "यांना तिथे नेलं असतं तर पाचही जणांची दुखली असती," बायको म्हणाली आणि पोळी उलटायला गेली.

लिथुआनियाची गोष्ट मला जास्त आवडली. १९९६ साली तिथल्या कौनास शहराची पाहणी छापून आली. मागून धडक बसलेल्या दोनशे दोन चालकांना वर्ष ते तीन वर्षांनी गाठून विचारलं, तर त्यांच्या माना शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मानांपेक्षा जास्त दुखत नव्हत्या. तिथे ना विम्याचा दावा होता, ना या दुखण्याला नाव. कोणी सांगितलंच नव्हतं की हे वर्षानुवर्षं राहतं. या पाहणीवर टीकाही झाली, की दोनशे दोघांतल्या सगळ्यांना मुळात लागलंच कुठे होतं. ती टीका बरोबर आहे. पण तिथे साडभाऊ नव्हते, एवढं मी त्यातून घेतलं.

आणि कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात १९९५ साली कायदा बदलला. दुखण्याबद्दल कोर्टात भांडायची सोय काढून सरसकट उपचाराचे पैसे द्यायला लागले. व्हिपलॅशचे दावे पाव हिश्श्याहून जास्त घटले आणि निकाली निघायचा काळ निम्म्यावर आला. वकीलसाहेबांना मी हे फोनवर सांगितलं. ते म्हणाले, कॅनडात थंडी फार असते.

इथवर वाचून कोणाला वाटेल, म्हणजे मास्तरला झालं काहीच नव्हतं. तसं नाही हो. सुरुवातीला दुखणं किती जोरात होतं, यावर पुढचं सगळ्यांत जास्त अवलंबून असतं, हे भाचीने पहिल्यांदा सांगितलं, बाकी गमती नंतर. आधीपासून मान दुखणारा, झोप न लागणारा, डोळे मिटले की धडक दिसणारा, हे सगळे उशिरा बरे होतात आणि त्यात त्यांचा दोष नसतो. जगभर पाहिलं तर धडकेनंतर मान दुखणाऱ्यांतल्या साधारण निम्म्यांना वर्षभरानेही थोडाफार त्रास असतो. तिने माझ्या हातांची ताकद पाहिली, टाचणीने बोटं टोचली, चालायला लावलं. हात लुळा पडत असेल, बधिरपणा वाढत असेल, लघवीवरचा ताबा जात असेल तर पायाळू वहिनी आणि हा निबंध, दोन्ही बाजूला ठेवून सेवाग्राम-सावंगीच्या दवाखान्यांची वाट धरायची. माझ्यात त्यातलं काही नव्हतं. दुखणं खरं होतं. त्याला मी खुर्ची देऊन बसवलं होतं.

आमच्याकडे भांडी घासायला येते ती बाई कापसाच्या दिवसांत वेचायला जाते. दिवसभर वाकून वेचायचं आणि संध्याकाळी बोजा डोक्यावर घेऊन बांधापर्यंत यायचं. तिची मान दहा वर्षांपासून दुखते. तिला पट्टा नाही, गोरसपाक नाही, पहिली पंगत नाही. "कामच करत राहिलं की बरं होते" हा उपदेश तिला करायला गेलं तर ती भांडं फेकून मारेल, आणि मी तिच्या बाजूने साक्ष देईन. तिची मान विश्रांती नसल्यामुळे दुखते, माझी विश्रांतीमुळे दुखत होती. मराठीत दोन्हीला एकच शब्द आहे, ही आपल्या भाषेची सोय म्हणावी की अडचण, हे मला ठरवता येत नाही.

भाचीने दुसऱ्या दिवशी मला स्कुटीवर मागे बसवलं, पट्ट्याशिवाय, आणि पवनारला नेलं. आठेक किलोमीटरच्या त्या रस्त्यावर मागून हॉर्न वाजला की माझे खांदे कानांना भेटून येत होते. धाम नदीच्या पुलावर तिने गाडी हळू केली आणि मला विनोबांची आठवण झाली. पुलावर कोणत्याही वर्धेकराला ती होते, पण या वेळी वेगळ्या कारणाने.

१९३८ साली विनोबांची प्रकृती पार ढासळली होती. वजन ८८ पौंड. गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतलं, मी तुमची शुश्रूषा करतो म्हणाले. विनोबांनी बापूंच्या बाकीच्या रोग्यांची यादी बघून ते नम्रपणे टाळलं. थंड हवेच्या ठिकाणी जा, असं बापू म्हणाले, तर विनोबा म्हणाले, जमनालाल बजाजांचा पवनारचा बंगला आहे की. काळजी मागे ठेवून जा, ही बापूंची अट. मोटारीने हा पूल ओलांडताना विनोबांनी मनातल्या सगळ्या व्यापांवर पाणी सोडलं, आणि पलीकडे जाऊन कुदळ हाती घेतली. पहिल्या दिवशी पाचच मिनिटं खणलं. मग रोज थोडं थोडं वाढवत तासांवर नेलं. दहा महिन्यांत वजन १२८ पौंडांवर गेलं. त्या खणण्यात भरत-रामभेटीची जुनी मूर्ती सापडली, ती अजून तिथे आश्रमात आहे. आणि याच माणसाने पुढे तेरा वर्षांनी भूदानासाठी पायी हिंदुस्थान पालथा घातला.

त्यांची मान दुखत नव्हती, मला ठाऊक आहे. पण भाची मला कागदावर लिहून देत होती ते हेच होतं. पहिल्या दिवशी मान दोन्हीकडे पाच पाच वेळा वळवायची, दुखेल तिथवर, दुखलं म्हणून घाबरायचं नाही. उद्या सहा. चालणं पंधरा मिनिटं, परवा वीस. आणि आपली गोष्ट कोणालाही सांगायची नाही. शेवटची अट बापूंच्या अटीची धाकटी बहीण वाटली मला.

मी घरी येऊन परसात खणायला घेतलं. मला मूर्ती सापडली नाही, स्टीलचा एक चमचा सापडला, तो बायकोने ओळखला.

पहिला आठवडा वाईट गेला. दुसऱ्या आठवड्यात मला मागची भिंत दिसू लागली. एका सकाळी बायकोने विचारलं, "सिलिंडर लावून देता का?" आणि मी नकळत मान हलवून नाही म्हटलं. मान पूर्ण हलली. माझ्या आजारपणाचा शेवटचा फायदा त्या क्षणी संपला. सिलिंडर मीच लावला.

साडभावांची ये-जा आता थांबली आहे. थंडीच्या सकाळी मान अजून थोडी अडते, त्याला मी लचक म्हणतो. वकीलसाहेबांचा फोन येतो. पट्टा नातवाने शेजारच्या कुत्र्याला घातला होता, त्याने तो दोन दिवसांत चावून टाकला, पाच आठवडे घातला नाही.

गेल्या आठवड्यात मेव्हण्याच्या गाडीत बसलो तेव्हा पहिल्यांदा मागे वळून सीट पाहिली. डोक्यामागची उशी, जी अशा धक्क्यात डोकं मागे फेकलं जाऊ नये म्हणूनच असते, ती पार तळाशी दाबलेली होती, शोरूममधून आली तशी, प्लास्टिकसकट. म्हणजे ती माझ्या खांद्यांची काळजी घेत होती. प्लास्टिक फाडलं, खटका दाबून उशी वर ओढली, वरची कड डोक्याच्या माथ्याएवढी येईपर्यंत, आणि सीटची पाठ सरळ केली, म्हणजे डोकं आणि उशी यांत फार अंतर राहणार नाही. गॅप म्हणजे ती. अर्धं मिनिट लागलं. तुमच्या गाडीतली उशी कुठवर आहे, उद्या बसताना बघून घ्या.